नावाची पट्टी की बिननावाची?

परीक्षा आटोपली की सुट्टीत घरच्या घरी संगणक जुळवायचा, असा बेत तुमच्यापैकी पुष्कळांनी कधी ना कधी केलेला असतो. मदरबोर्ड, प्रोसेसर, वीजपुरवठ्याची पेटी आणि पत्र्याचा डबा यांची निवड करताना फारसा घोळ होत नाही. घोळ होतो तो सुमारे तेरा सेंटिमीटर लांबीच्या एका हिरव्या पट्टीपाशी. ही संगणकाची स्मृती, म्हणजे बाजारच्या भाषेत ‘रॅम’. दुकानदार काचेवर दोन पट्ट्या ठेवतो. एक चकचकीत वेष्टनातली, नावाजलेल्या कंपनीची. दुसरी साध्या पारदर्शक पिशवीतली, तिच्यावर नाव नाही, किंवा असलेच तर कधी न ऐकलेले. हिला बाजारात ‘लोकल’ म्हणतात. दोन्हींची क्षमता सारखी, वेग सारखा, खाचही सारखी. किमतीत मात्र फरक. “काय देऊ?” असे तो विचारतो आणि आपण खिसा चाचपतो.

शहरातल्या मुलाला हा प्रश्न तितका जड जात नाही, कारण पट्टी बिघडली तर तो संध्याकाळी जाऊन बदलून आणतो. पण तुम्ही अलिबाग, मुरूड किंवा श्रीवर्धनचे असाल तर गोष्ट वेगळी. चार दुकाने हिंडून भाव करायचा म्हणजे मांडव्याहून बोटीने किंवा रेवसहून लाँचने मुंबई गाठायची आणि तिथून ग्रँट रोडजवळचा लॅमिंग्टन रस्ता, ज्याचे आजचे नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे. पावसाळ्यात मांडव्याहून गेटवेला जाणाऱ्या बोटी बंद असतात, तेव्हा पेण-पनवेलमार्गे एस. टी. पट्टी सदोष निघाली तर पुन्हा एक अख्खा दिवस मोडतो. त्यातून आपल्या किनाऱ्यावरच्या हवेचे काही गुण असे आहेत की ते या पट्टीला मानवत नाहीत. म्हणून या प्रश्नाकडे नुसते गिऱ्हाईक म्हणून न पाहता पदार्थविज्ञानाचे विद्यार्थी म्हणून पाहू.

पट्टीवरचे नाव आणि चिपवरचे नाव

पट्टी उजेडात धरून नीट पाहा. हिरव्या फलकावर ओळीने काळ्या चौकोनी चिप बसवलेल्या दिसतील. माहिती साठते ती या चिपांत. आता एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. पट्टी विकणारा आणि चिप घडवणारा हे बहुधा निरनिराळे असतात. या जातीच्या चिपांचे जगातले बहुतांश उत्पादन तीनच कंपन्या करतात. दक्षिण कोरियातील सॅमसंग व एसके हायनिक्स, आणि अमेरिकेतील मायक्रॉन. चिपांचा कारखाना उभारायला अब्जावधी डॉलर लागतात, त्यामुळे या खेळात भिडू थोडेच. उलट, चिप विकत आणून फलकावर जोडणे हे त्या मानाने सोपे काम. किंग्स्टन, कोर्सेअर, ट्रान्सेंड या नावाजलेल्या कंपन्या तेच करतात आणि ज्याचे नाव कोणी ऐकलेले नाही असा पट्टीकारही तेच करतो.

तेव्हा “साहेब, आत चिप तीच आहे, तुम्ही फक्त नावाचे पैसे मोजता,” असे दुकानदार म्हणतो ते खोटे नसते. पण ते अर्धेच असते. उरलेले अर्धे समजण्यासाठी चिपच्या आत डोकवायला हवे.

झिरपणारा माठ

संगणकाची स्मृती पूर्वी अशी नव्हती. मांडव्याच्या धक्क्यावरून समोर जी मुंबई दिसते, तिथल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आपल्या शास्त्रज्ञांनी स्वतः जुळवलेला ‘टिफ्रॅक’ हा संगणक १९६० साली कार्यान्वित झाला. त्याची स्मृती फेराइट या चुंबकीय पदार्थाच्या बारीक कड्या तारांत ओवून तयार केलेली होती. कडी एका दिशेने चुंबकित झाली की एक, उलट दिशेने झाली की शून्य. तिच्यात २,०४८ शब्द मावत आणि प्रत्येक शब्द ४० अंकांचा, म्हणजे एकूण ८१,९२० द्विमान अंक. आज आपल्या हातातल्या ८ जीबीच्या पट्टीत याच्या सुमारे ६७ लाख... थांबा, असे घाईने सांगण्यापेक्षा गुणाकार करूनच पाहू. ८ जीबी म्हणजे २ चा ३३वा घात इतके बाइट आणि प्रत्येक बाइटचे ८ अंक. गुणाकार येतो सुमारे ६,८७२ कोटी. याला ८१,९२० ने भागा. उत्तर साधारण ८ लाख ३९ हजार. एवढे टिफ्रॅक त्या पट्टीत मावतात.

ही किमया ज्या कल्पनेमुळे साधली ती आयबीएममधील रॉबर्ट डेनार्ड यांना १९६६ साली सुचली आणि १९६८ मध्ये तिचे पेटंट मिळाले. एका अंकासाठी एक ट्रान्झिस्टर आणि एक इवलासा धारित्र, बस्स. धारित्रात विद्युत्भार असला तर एक, नसला तर शून्य. १९७० साली इंटेल कंपनीने विद्युत्भाराच्या रूपाने १,०२४ अंक साठवणारी ११०३ ही चिप बाजारात आणली आणि कड्यांचे युग मावळू लागले.

पण फेराइटची कडी आणि धारित्र यांत एक मोठा फरक आहे. कडी वीज गेली तरी आपली दिशा विसरत नाही. धारित्र मात्र मातीच्या माठासारखा असतो, सारखा झिरपतो. म्हणून माठ अर्धा होण्याच्या आत पाणक्याने येऊन तो पुन्हा भरायचा, अशी व्यवस्था प्रत्येक चिपमध्ये असते. डीडीआर-३ आणि डीडीआर-४ जातीच्या पट्ट्यांत हा पाणक्या ६४ सहस्रांश सेकंदांत सगळ्या माठांवरून एक फेरी पुरी करतो. ती फेरी ८,१९२ हप्त्यांत होते, म्हणजे दर ७.८ मायक्रोसेकंदाला एक हप्ता. डीडीआर-५ मध्ये तर फेरीची मुदत याच्या निम्मी आहे.

या माठात पाणी किती, हेही पाहण्यासारखे आहे. एका फॅरडचे एक कोटी भाग करा, त्यातल्या एका भागाचे पुन्हा एक कोटी भाग करा. त्यातला एक भाग ही एका पेशीच्या धारित्राची साधारण धारिता. तो एक व्होल्टपर्यंत भरला तर त्यात इलेक्ट्रॉन मावतात सुमारे ६२,०००. यांतले निम्मे, म्हणजे ३१,०००, जर ६४ सहस्रांश सेकंदांत गळून गेले तर तिथे एक होता की शून्य, हे सांगणे अवघड होईल. म्हणजे गळती सेकंदाला पाच लाख इलेक्ट्रॉनांच्या आत राहिली पाहिजे. पाच लाख हा आकडा मोठा वाटेल, पण विजेरीच्या लहान दिव्यातून सेकंदाला जाणाऱ्या इलेक्ट्रॉनांची संख्या एकोणीस अंकी असते! इतकी सूक्ष्म गळती ६,८७२ कोटी पेशींपैकी एकीतही ओलांडली जाता कामा नये. शंभर कोटींत एक पेशी गळकी निघाली, तरी तुमच्या पट्टीत जवळजवळ सत्तर गळक्या पेशी आल्या.

शिक्षकांनी हा प्रयोग वर्गात जरूर करून दाखवावा. १,००० मायक्रोफॅरडचा, २५ व्होल्टचा धारित्र घ्या. त्याचे धन-ऋण अग्र नीट ओळखून तो ९ व्होल्टच्या बॅटरीने भरा, बॅटरी काढा आणि धारित्राच्या टोकांना १ लाख ओहमचा रोध जोडून व्होल्टमापी लावा. सुमारे ७० सेकंदांत व्होल्टता निम्म्यावर येईल. आता एका मुलाने घड्याळ पाहून दर ३० सेकंदांनी बॅटरी क्षणभर टेकवायची. व्होल्टता कधीच निम्म्यापर्यंत घसरत नाही. तो मुलगा म्हणजे आपला पाणक्या. मग ५०,००० ओहमचा रोध लावून पाहा. गळती दुप्पट झाली आणि निम्म्याची मुदत पस्तीस सेकंदांवर आली. तोच पाणक्या आता जेमतेम वेळेवर पोहोचतो.

अर्धसंवाहकातील गळती तापमानाबरोबर झपाट्याने वाढते. ढोबळ हिशेब असा की दर दहा अंशांना ती साधारण दुप्पट होते. डिसेंबरात पहाटे चिपचे तापमान २५ अंश असेल आणि मे महिन्यात दुपारी बंद डब्यात ५५ अंश असेल, तर गळती आठपट! चांगल्या चिपला हे सहज पेलते, कारण तिची रचनाच ८५ अंशांपर्यंत नीट चालावी अशी केलेली असते. दुबळ्या चिपला मात्र पेलत नाही. थंडीत आणलेली पट्टी उन्हाळ्यात का रुसते, याचे एक उत्तर यात आहे.

चाळणीतून उरलेला माल

आता दुकानदाराच्या त्या अर्ध्या सत्याकडे वळू. इतक्या कोटी पेशी निर्दोष निघणे अशक्यप्राय असते, हे चिप बनवणाऱ्यांना पक्के ठाऊक असते. म्हणून ते चिपमध्ये काही जादा ओळी राखून ठेवतात. तपासणीत एखादी ओळ सदोष निघाली की तिच्या जागी राखीव ओळ कायमची जोडून टाकतात. ही तपासणी चिप तापवून, व्होल्टता कमी करून, निरनिराळ्या वेगांवर करतात. तपासणीची यंत्रे अतिशय महाग असतात आणि त्यांवर प्रत्येक चिपला द्यावा लागणारा वेळ हा किमतीतला एक मोठा भाग असतो.

या चाळणीतून माल निरनिराळ्या प्रतींचा निघतो. उत्तम प्रतीच्या चिपवर कारखाना आपले नाव घालतो. पूर्ण तपासणी न झालेला किंवा काही कसोट्यांना न उतरलेला माल स्वस्तात, बऱ्याचदा कारखान्याच्या नावाशिवाय, बाहेर पडतो. तो माल घेणाराही कोणीतरी असतोच. आता नावाजलेला पट्टीकार चिप घेतल्यावर आणि पट्टी जोडल्यावर पुन्हा तपासणी करतो, कारण परत आलेल्या प्रत्येक पट्टीमागे त्याला दुसरी द्यावी लागते आणि नावाला बट्टा लागतो तो वेगळाच. बिननावाच्या पट्टीकाराला ही धास्ती नाही. तो तपासतही असेल, पण तपासतोच याची हमी तुम्हाला कोण देणार? तेव्हा जादा पैसे आपण मोजतो ते वेगळ्या जातीच्या वाळूतून काढलेल्या सिलिकॉनसाठी नव्हे. ते कोणीतरी आपल्या आधी केलेल्या तपासणीसाठी असतात.

आणखी एक बारीक फरक. पट्टीच्या मध्याजवळ एक अगदी छोटी चिप असते. तिच्यात पट्टीचा वेग, व्होल्टता, किती वेळ थांबायचे याचे आकडे लिहिलेले असतात. संगणक सुरू होताच ते वाचतो आणि त्याबरहुकूम पट्टीला राबवतो. एखाद्याने हे आकडे फुगवून लिहिले असतील, तर पट्टीला न झेपणारा वेग तिच्यावर लादला जातो. मदरबोर्डच्या मांडणीत जाऊन वेग एक पायरी खाली आणला की पुष्कळदा अशी पट्टी शहाण्यासारखी चालू लागते. गळक्या पेशीला मात्र या युक्तीने गुण येत नाही.

रंगीत ॲल्युमिनियमची कवचे आणि झगमगते दिवे यांकडे पाहून पट्टीची पारख करू नका. साध्या वेगाच्या घरगुती पट्टीला त्यांची गरज नसते. माझ्या मते ती लग्नातल्या घोड्याची झूल आहे.

नाव म्हणजे ताईत नव्हे

यावरून नाव असले की काळजी मिटली, असे कोणी समजू नये. १९७०च्या दशकाच्या अखेरीस खुद्द इंटेलच्या स्मृतिचिपांत अंक आपोआप उलटू लागले. टिमोथी मे आणि मरे वुड्स यांनी शोध घेतला तेव्हा आढळले की चिप ज्या सिरॅमिकच्या वेष्टनात बसवल्या होत्या त्यात युरेनियम आणि थोरियम यांचा अगदी अल्प अंश होता. त्यांतून निघणारे अल्फा कण चिपमधून जाताना इलेक्ट्रॉन मोकळे करत आणि माठ रिता असल्याचा किंवा भरल्याचा भास होई. १९७९ साली त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला आणि वेष्टनाच्या शुद्धतेकडे सगळे उद्योग लक्ष देऊ लागले.

दुसरे उदाहरण अलीकडचे. २०१४ साली अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठ आणि इंटेल येथील संशोधकांनी तीन प्रमुख उत्पादकांच्या १२९ पट्ट्या तपासल्या. पेशींची एकच ओळ अतिशय जलद, पुन्हा पुन्हा उघडली तर शेजारच्या ओळीतले अंक उलटतात का, हे त्यांना पाहायचे होते. ११० पट्ट्यांत उलटले! माठ जितके लहान आणि जितके जवळ, तितका एकाचा धक्का दुसऱ्याला लागण्याचा संभव अधिक.

गूगल कंपनीतल्या हजारो संगणकांवरचा एक मोठा अभ्यास श्रोडर, पिन्हेरो आणि वेबर यांनी २००९ साली प्रसिद्ध केला. त्यात वर्षभरात ८ टक्क्यांहून अधिक पट्ट्यांमध्ये निदान एक तरी चूक आढळली. या यंत्रांत चूक ओळखून दुरुस्त करणाऱ्या पट्ट्या होत्या म्हणून ती मोजता तरी आली. चुकांचे कारण बव्हंशी अवकाशातून आलेला एखादा कण नसून पट्टीतलाच कायमचा दोष असावा, असे त्यांना दिसले. गंमत म्हणजे प्रत्यक्ष वापरात तापमानाचा परिणाम त्यांना फारच थोडा आढळला. वर मी तापमानाचे जे सांगितले ते मग चूक काय? नाही. तो अभ्यास वातानुकूलित दालनांतल्या यंत्रांचा होता. मे महिन्यात कौलाखाली चालणारा तुमचा संगणक त्यात नव्हता.

एक अंक उलटला तर?

एखादा अंक उलटल्याने एवढे काय बिघडणार, असे कोणी विचारील. तो अंक छायाचित्रातला असेल तर एक ठिपका किंचित गडद होईल, कोणाला कळणारही नाही. आज्ञावलीतला असेल तर संगणक गोठेल, निळा पडदा येईल. हे बरे, कारण निदान कळते तरी. वाईट असते ती चूक जी मुकाट्याने होते. समजा शाळेच्या निकालपत्रकात एका मुलीचे गुण ७२ आहेत. द्विमान पद्धतीत ७२ म्हणजे ६४ अधिक ८. यातला ६४ च्या स्थानाचा अंक उलटून शून्य झाला तर उरतात ८. संगणक कसलीही तक्रार न करता ८ छापील.

आपल्या जिल्ह्यातलेच आणखी एक उदाहरण घेऊ. अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेत १९०४ सालापासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत आल्या आहेत. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार म्हणून कुलाब्याचे काम इकडे आणले गेले, हे तुम्हाला माहीत असेलच. समजा क्षितिजसमांतर क्षेत्राची एक नोंद ३८,५०० नॅनोटेस्ला आहे आणि तिच्यातला ५१२ च्या स्थानाचा अंक उलटला. आकडा होतो ३७,९८८. ५१२ नॅनोटेस्लांची घट म्हणजे प्रचंड चुंबकीय वादळ. १३ मार्च १९८९ रोजी कॅनडातल्या क्वेबेक प्रांताची वीज ज्या वादळाने घालवली, त्याच्या पंगतीला बसणारे! अर्थात वेधशाळेतले लोक आधीच्या आणि नंतरच्या मिनिटांची नोंद पाहतात, दुसऱ्या वेधशाळांशी ताडून घेतात, त्यामुळे असले खोटे वादळ पकडले जाईल. तुमच्या घरच्या हिशेबाला असा ताळा कोण करतो?

यावर उपाय फार पूर्वीच सापडला आहे. १९८१ च्या आयबीएमच्या पहिल्या पीसीमध्ये दर आठ अंकांमागे एक नववा साक्षीदार अंक होता. अंकांतल्या एकांची संख्या सम की विषम, एवढे तो लक्षात ठेवी. एक अंक उलटला की साक्ष जुळत नसे आणि यंत्र थांबे. रिचर्ड हॅमिंग यांनी १९५० साली प्रसिद्ध केलेली पद्धत याच्या पुढची. तिने चूक कळते एवढेच नव्हे, तर ती कोठे झाली तेही कळते आणि दुरुस्त होते. मोठ्या संगणकांतल्या पट्ट्यांत ६४ अंकांमागे असे ८ पहारेकरी असतात. घरगुती पट्ट्यांतून ते काटकसरीसाठी वगळले जातात. डीडीआर-५ च्या चिपांत आतल्या आत दुरुस्तीची सोय आली आहे, पण चिप आणि प्रोसेसर यांच्यामधल्या वाटेवर झालेली चूक तिच्या कक्षेत येत नाही.

खारा वारा आणि सोन्याचा मुलामा

आता किनाऱ्यावरच्या वाचकांसाठी खास. पट्टीच्या खालच्या कडेला पिवळ्या पट्ट्यांची रांग असते. त्यांना तंत्रज्ञ ‘गोल्ड फिंगर’ म्हणतात. डीडीआर-४ मध्ये अशी २८८ बोटे असतात. तांब्यावर निकेल आणि निकेलवर सोने, असा हा मुलामा. पुन्हा पुन्हा काढाघाल सोसणाऱ्या उत्तम जोडणीला सोन्याचा थर सुमारे पाऊण मायक्रॉन जाडीचा देतात. स्वस्त फलकांवर तो याच्या दहाव्या हिश्श्याइतका किंवा त्याहूनही पातळ असू शकतो. पातळ थरात सूक्ष्म छिद्रे राहतात. त्यांतून खारट ओल खालच्या निकेल-तांब्यापर्यंत पोहोचते, गंज धरतो आणि तो छिद्रांतून वर येऊन सोन्यावर पसरतो.

पेण-उरणकडची मिठागरे पाहिलेल्यांना ठाऊक असेल की पावसाळ्यात घरातले खडेमीठ आपोआप ओले होते. शुद्ध सोडियम क्लोराइड हवेतली सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की ओल खेचून विरघळू लागते. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असते आणि ते तर याहून पुष्कळ कमी आर्द्रतेला पाझरते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा बहुतेक वेळ ७५ टक्क्यांच्या वरच असते. लाटांच्या तुषारांतून उडालेले मिठाचे अतिसूक्ष्म कण फलकावर बसतात आणि पावसाळ्यात त्यांचा वीज वाहणारा पातळ पापुद्रा होतो. १.२ व्होल्टवर चालणाऱ्या पट्टीला तो गंज भेदून जाण्याइतका जोरही नसतो.

आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत दोन-तीन पावसाळ्यांमागे एक संगणक दिवसातून चारदा आपोआप बंद पडू लागला. पट्टी लोकल असावी असा सर्वांचा तर्क. उघडून पाहिले तर पट्टी चांगली नावाची निघाली! बोटे पुसून पट्टी पुन्हा बसवली आणि तो संगणक वर्षअखेरपर्यंत निमूट चालला. म्हणून पट्टीला दोष देण्यापूर्वी जोडणी पाहा. पुसताना सुती कापडावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या. खोडरबराने घासण्याची रीत फार प्रचलित आहे, पण खोडरबर सोनेही खरवडतो. आज उजळलेले बोट दुसऱ्या पावसाळ्यात अधिक लवकर काळवंडेल.

पावसाळ्यात संगणक महिनाभर बंद ठेवण्यापेक्षा रोज तासभर चालू ठेवणे बरे. आतली हवा तापली की तिची सापेक्ष आर्द्रता उतरते. वातानुकूलित खोलीत मात्र एक धोका संभवतो. २२ अंशांवर थंड झालेल्या यंत्रावर खिडकीतून जुलैची दमट हवा आली तर पट्टीवर दव जमते, थंड पेल्यावर जमते तसेच. असे झाल्यास यंत्र लगेच सुरू करू नका.

थोडा हिशेब

समजा लोकल पट्टी १,२०० रुपयांना आणि नावाची १,६०० रुपयांना मिळते. हे आकडे केवळ हिशेबापुरते. या बाजारात भाव भाजीसारखे चढतात-उतरतात. मुंबईची जादा फेरी ६०० रुपयांची धरू. लोकल पट्टी सदोष निघाली आणि दुकानदाराने विनातक्रार बदलून दिली, तर आपले नुकसान ६०० रुपये. वाचले होते ४००. म्हणजे शंभरांतल्या ६७ हून अधिक पट्ट्या सदोष असतील तरच लोकल घेणे तोट्याचे! दुकानदाराने बदलून दिली नाही तर नुकसान १,८०० रुपये, आणि ४०० भागिले १,८०० म्हणजे साधारण २२ टक्के. लोकल पट्ट्याही इतक्या सर्रास बिघडत नाहीत. मग गणिताने लोकलच्या बाजूने कौल दिला काय?

दिला, पण एका अटीवर. पट्टी सदोष आहे हे आपल्याला कळले पाहिजे, आणि तेही बदलून घेण्याच्या मुदतीत. न कळलेल्या दोषाची किंमत या हिशेबात धरलेलीच नाही. म्हणून माझा सल्ला असा. खेळ, चित्रे, आज्ञावली लिहिण्याचा सराव यांसाठी लोकल पट्टी घ्यायला हरकत नाही, मात्र बिलावर बदलून देण्याची मुदत लिहून घ्या आणि घरी येताच कसून तपासा. शाळेचे निकाल, पतपेढीचा हिशेब, प्रयोगाच्या नोंदी यांसाठी नावाची घ्या, आणि तीही तपासा. नावाच्या पट्टीवर नक्कल केलेली चिठ्ठी असू शकते. बिल मिळत नसेल तर तिला बिननावाचीच समजावे. शिवाय ‘आजीवन हमी’ पट्टी बदलून देण्याची असते, तुमच्या उडालेल्या माहितीची नव्हे.

जुना, डीडीआर-३ चा मदरबोर्ड मिळाला असेल तर तिसरा मार्ग आहे आणि मला तो सर्वांत आवडतो. कचेऱ्यांनी मोडीत काढलेल्या संगणकांतल्या मूळ पट्ट्या. यंत्रांच्या बिघाडाचा आलेख परातीच्या छेदासारखा असतो. सुरुवातीला काठ उंच, मग लांबवर सपाट, आणि म्हातारपणी पुन्हा काठ. ज्या बिघडायच्या त्या पट्ट्या पहिल्या काही महिन्यांत बिघडून गेलेल्या असतात. पाच वर्षे मुकाट्याने चाललेली पट्टी तो पहिला काठ उतरून आलेली असते.

रात्रभराची परीक्षा

तपासणीसाठी ‘मेमटेस्ट८६+’ ही विनामूल्य आज्ञावली पेन ड्राइव्हवर घेऊन तिनेच संगणक सुरू करतात. ती पेशींत ठरावीक नक्षी लिहिते आणि परत वाचून ताडून पाहते. सगळी शून्ये, सगळे एक, बुद्धिबळाच्या पटासारखी एकाआड एक, एकच एक पुढे पुढे सरकवत नेणे, असे अनेक प्रकार. सगळ्याच शक्य नक्ष्या का तपासत नाही? नुसत्या ६४ पेशींच्या नक्ष्या घेतल्या तरी त्यांची संख्या २ चा ६४वा घात. सेकंदाला शंभर कोटी तपासल्या तरी सुमारे ५८५ वर्षे लागतील. म्हणून शेजाऱ्याचा धक्का, गळती, पत्त्याच्या तारांतला घोटाळा असे नेहमीचे दोष हुडकणाऱ्या निवडक नक्ष्याच वापरतात.

ही परीक्षा अर्ध्या तासात उरकू नका. संध्याकाळी लावा आणि सकाळी पाहा, म्हणजे निदान दोन-तीन फेऱ्या होतील. डबा बंदच ठेवा, म्हणजे आत नेहमीसारखी ऊब राहील. पडद्यावर एकही लाल ओळ उमटली तर पट्टी काढून, बोटे पुसून, दुसऱ्या खाचेत बसवून पुन्हा लावा. तरी ओळ उमटलीच तर पट्टी परत करा. ‘एवढी एकच चूक आहे’ हे दुकानदाराचे बोलणे ऐकू नका, वर शंभर कोटींचा हिशेब आपण केलाच आहे. दोन पट्ट्या असतील तर एकेक वेगळी तपासा, नाहीतर चोर कोण ते कळायचे नाही. थंडीत घेतलेल्या पट्टीची परीक्षा मे महिन्यात दुपारी आणखी एकदा घ्या, आणि दोन्ही तारखा पेन्सिलीने बिलाच्या मागे लिहून ठेवा. पट्टीवर कागद चिकटवू नका, हमीची चिठ्ठी त्याखाली झाकली जाते.